मुकटा, डिनर जॅकेट आणि बोटीवरची पंगत

जेवायला बसताना अंगावर काय असावे, या प्रश्नाला मराठी घरांत फार जुनी उत्तरे आहेत. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांतले पुरुष मुकटा, म्हणजे जेवणासाठी आणि पूजेसाठी राखून ठेवलेले रेशमी वस्त्र, नेसल्याशिवाय पाटावर बसत नसत. लग्नघरी विहिणींच्या पंगतीसाठी ठेवणीतली पैठणी निघे, आणि सणाच्या दिवशी घरच्याच चार माणसांत जेवायचे असले तरी मुलांना चांगले कपडे घालून पानावर यायला सांगितले जाई. असे असताना क्रूझवर, म्हणजे कुठे पोहोचण्यासाठी नव्हे तर समुद्रावर चार दिवस राहण्यासाठीच काढलेल्या बोटीच्या सफरीवर, निघालेल्या कुटुंबाला कंपनीच्या पत्रकातले ‘फॉर्मल नाइट’ हे दोन शब्द वाचून धास्ती वाटते, ती जेवणासाठी वेगळा पोशाख करण्याच्या कल्पनेची नसते. तो पोशाख कोणता, तो कोणी ठरवला आणि आपल्या कपाटातले कपडे त्यात बसतात की नाही, हे कोणी नीट उलगडून सांगितलेले नसते, म्हणून ती वाटते.

या नियमांचे मूळ क्रूझमध्ये नसून लायनरमध्ये आहे. लायनर म्हणजे ठरावीक बंदरांच्या दरम्यान वेळापत्रकानुसार टपाल आणि उतारू नेणारी बोट. क्युनार्ड कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ने १८४० मध्ये अटलांटिकवरची नियमित टपालसेवा सुरू केली, तेव्हा बोटीवरचे जेवण ही मिरवण्याची नव्हे, निभावून नेण्याची गोष्ट होती, दोन वर्षांनी त्याच बोटीने अमेरिकेला गेलेल्या चार्ल्स डिकन्सने तिच्या भोजनदालनाबद्दल फार वाईट लिहून ठेवले आहे. पुढच्या सत्तर वर्षांत बोटी प्रचंड वाढल्या, सुधारलेल्या वाफेच्या यंत्रांमुळे प्रवास आठवड्यावर आला आणि पहिल्या वर्गात असे लोक प्रवास करू लागले की जे आपल्या घरीही रोज संध्याकाळी कपडे बदलूनच जेवायला बसत. त्यांनी आपली घरची रीत बोटीवर आणली. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाच्या जेवणाची वर्दी बिगुल वाजवून दिली जाई, आणि जेवणापूर्वी सजून आलेली मंडळी भोजनदालनाशेजारच्या प्रशस्त दालनात जमून गप्पा मारत आणि मगच टेबलाकडे जात.

या रीतीचा कळस १९३५ साली पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच बोटीवर झाला. तिचे पहिल्या वर्गाचे भोजनदालन सुमारे ९३ मीटर लांब होते, म्हणजे व्हर्सायच्या राजवाड्यातल्या प्रसिद्ध आरसेमहालापेक्षाही मोठे, आणि ते लालिक या काचकारागिराच्या दिव्यांनी उजळलेले असे. मात्र त्या दालनाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दाराशी होते. उंच दारातून आत आल्यावर प्रवाशाला काही पायऱ्या उतराव्या लागत, आणि त्या पायऱ्या केवळ दोन पातळ्या जोडण्यासाठी नव्हत्या. उतरणारी स्त्री आणि तिचा लांब पायघोळ झगा खाली बसलेल्या शेकडो लोकांना दिसावा, यासाठी त्या मुद्दाम तशा योजलेल्या होत्या. वास्तुरचनाच पोशाखाची मागणी करत होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आजच्या क्रूझ बोटींच्या मध्यभागी जे तीन-चार मजली सभागृह आणि त्यातला वळणदार जिना असतो, तो याच पायऱ्यांचा वारस आहे.

सोवळ्याच्या मुकट्याने काही माणसांना पंगतीबाहेर ठेवले, आणि लायनरवरच्या संध्याकाळच्या पोशाखानेही तेच केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची भोजनगृहे वेगळी होती, त्यांचे डेक वेगळे होते, आणि कोण कुठे जाऊ शकतो हे अंगावरच्या कपड्यांवरून लांबूनच कळत असे. ही बाजू विसरून जुन्या बोटींच्या वैभवाचे गोडवे गाणे योग्य नाही. आजची रीत त्या काळापेक्षा चांगली आहे, कारण तिच्यात सजण्याचा आनंद शिल्लक राहिला आहे आणि न सजणाऱ्याला जेवणाची दुसरी जागाही मिळते.

बोटीवरच्या पोशाखाच्या नियमांत जे काही चमत्कारिक वाटते, त्याचा उलगडा बहुतेक वेळा बोटीच्या दिनक्रमात सापडतो. लायनरवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री संध्याकाळचा पोशाख न करण्याचा संकेत होता. त्याचे कारण साधे होते: पहिल्या रात्री ट्रंका उघडून झालेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असत. आजही सफरीच्या पहिल्या दिवशी सामान बंदरावर सोपवावे लागते आणि ते केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ उलटते, म्हणून पहिले जेवण सर्वत्र साध्या कपड्यांतच होते. सात रात्रींच्या सफरीत साधारणतः दोन औपचारिक रात्री असतात आणि त्या शक्यतो बोट दिवसभर समुद्रातच असते त्या दिवशी ठेवतात, कारण बंदरात उतरून दिवसभर उन्हात फिरून आलेल्या माणसाला तासाभरात नटूनथटून ये असे सांगणे त्याच्यावर अन्याय करणारे असते. पहिली औपचारिक रात्र बहुधा दुसऱ्या दिवशी येते, तिचा संबंध कप्तानाने प्रवाशांचे स्वागत करण्याच्या प्रथेशी आहे. त्याच संध्याकाळी बोटीचे छायाचित्रकार जिन्याशी आणि पडद्यांसमोर उभे राहून कुटुंबांची छायाचित्रे काढतात आणि ती नंतर विकली जातात. औपचारिक रात्र टिकून राहण्यामागे हेही एक व्यावहारिक कारण आहे. कोणत्या संध्याकाळी कोणता पोशाख अपेक्षित आहे, हे बोटीच्या दैनिक कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असते किंवा कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवर दिसते.

औपचारिक पोशाखाचे मूळ रूप ‘ब्लॅक टाय’ या नावाने ओळखले जाते आणि त्याचा गाभा म्हणजे डिनर जॅकेट. काळा किंवा काळपट निळा कोट, त्याच्या कॉलरखालच्या दुमडीवर चमकदार रेशमी कापड, विजारीच्या दोन्ही बाजूंना उभी रेशमी पट्टी, पांढरा शर्ट आणि गळ्यात काळा बो टाय, असा हा संच असतो. व्हिक्टोरिया राणीचे थोरले पुत्र आणि पुढचे सातवे एडवर्ड यांच्यासाठी लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याच्या पेढीने १८६५ मध्ये मागे शेपट्या नसलेला जो आखूड कोट शिवला, त्याच्याकडे या कोटाचा उगम नेला जातो. अमेरिकेत त्याला न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या वसाहतीवरून टक्सीडो हे नाव पडले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की जन्माच्या वेळी हा कोट औपचारिक मानला जात नव्हता. शेपट्यांच्या कोटाच्या जाचातून सुटून घरच्या मंडळींत मोकळेपणाने जेवता यावे म्हणून तो आला, आणि कालांतराने तोच औपचारिकपणाची खूण होऊन बसला.

या संचातला एक भाग तर भारतातूनच गेलेला आहे. डिनर जॅकेटखाली कमरेला जो रुंद, आडव्या चुण्यांचा रेशमी पट्टा बांधतात, त्याचे इंग्रजी नाव ‘कमरबंद’ या फारसीतून हिंदुस्थानात रुळलेल्या शब्दाचाच अपभ्रंश आहे. ब्रिटिश अमलातल्या लष्करी अधिकाऱ्यांना इथल्या उन्हाळ्यात कोटाखाली वास्कीट घालणे नकोसे झाले, तेव्हा त्यांनी एतद्देशीयांच्या कमरेचा शेला उचलला. त्याच्या चुण्यांची तोंडे वरच्या बाजूला ठेवायची असतात, आणि तो बांधल्यावर विजारीला चामडी पट्टा लावायचा नसतो. मुंबईहून एडन आणि सुएझमार्गे विलायतेला जाणाऱ्या बोटींचा तांबड्या समुद्रातला टप्पा इतका उकाड्याचा असे की तिथे जेवताना कोटच काढून ठेवण्याची मुभा रूढ झाली. पांढरा शर्ट, काळी विजार आणि कमरबंद एवढ्याच पोशाखाला ‘रेड सी रिग’ म्हणजे तांबड्या समुद्राचा वेश म्हणू लागले, आणि भारतीय नौदलाच्या मेजवान्यांत हे नाव आजही ऐकू येते.

याच मार्गावर भारतीय प्रवाशांची या रीतीशी पहिली गाठ पडली, आणि ती सुखाची नव्हती. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघाले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. बोटीवर ते काळा सूट घालत, परंतु काटे-चमचे कसे धरावेत हे ठाऊक नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होत नव्हते, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत. बरोबर नेलेली मिठाई आणि फळे यांवर त्यांनी केबिनमध्येच दिवस काढले. हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. त्यांनी विलायती पोशाख स्वीकारला नाही, मात्र तिथल्या थंडीत नऊवारी पुरेशी ठरेना तेव्हा त्या पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. एका बाजूला सूट घालूनही टेबलापासून दूर राहिलेला तरुण आणि दुसऱ्या बाजूला आपले वस्त्र न सोडता त्याची नेसण बदलणारी तरुणी, ही दोन उदाहरणे आजच्या प्रवाशालाही मार्ग दाखवणारी आहेत, आणि त्यांतले आनंदीबाईंचे अधिक उपयोगी आहे.

विमानांनी १९६०च्या दशकात लायनरांचा धंदा बसवला, आणि बोटींचे मालक प्रवासाऐवजी सुट्टी विकू लागले. रॉयल कॅरिबियन ही कंपनी १९६८ मध्ये आणि कार्निव्हल १९७२ मध्ये उभी राहिली. भोजनदालने, वाढपी, कप्तानाचे टेबल हे सगळे लायनरवरून जसेच्या तसे आल्यामुळे पोशाखाची रीतही आली; परंतु आता प्रवासी उमराव नसून नोकरदार होते, आणि ते सुट्टीवर होते. बंधने हळूहळू सैल होत गेली. नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ठरावीक वेळ, ठरावीक टेबल आणि सक्तीचा पोशाख या तिन्ही गोष्टी काढून टाकल्या. इतरांनी ‘फॉर्मल’ हा शब्द बदलून मवाळ शब्द आणले: कार्निव्हलच्या पत्रिकेत ‘क्रूझ एलिगंट’ असते, सेलिब्रिटीच्या पत्रिकेत ‘इव्हनिंग चिक’. नावे वेगळी असली तरी अपेक्षा एकच आहे, की त्या रात्री माणूस एखाद्या चांगल्या लग्नाच्या स्वागतसमारंभाला जावा तसा तयार होऊन यावा. जुनी रीत जवळपास तशीच पाहायची असेल तर ती साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये २००४ पासून धावणाऱ्या क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’ या बोटीवर दिसते. तिथल्या गाला रात्री डिनर जॅकेट किंवा गडद सूट अपेक्षित असतो, आणि ज्याला ते नको असेल त्याच्यासाठी बुफे आणि पबसारख्या काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात.

औपचारिक रात्री सोडल्या तर उरलेल्या संध्याकाळी बहुतेक बोटींवर ‘स्मार्ट कॅज्युअल’ असतो. हा शब्द अनेकांना गोंधळात टाकतो, पण त्याचा अर्थ मुंबई-पुण्याच्या कचेरीत नेहमी जसे जातात तसे, किंवा त्याहून किंचित बरे, एवढाच आहे: पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट, पूर्ण लांबीची विजार आणि बंद बूट, स्त्रियांसाठी साधी साडी, सलवार-कमीज, स्कर्ट किंवा झगा. पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन, व्यायामाचे कपडे, अंघोळीनंतरचा झगा आणि रबरी सपाता मुख्य भोजनदालनात कुठेच चालत नाहीत. उलट टोकाची चूकही टाळावी. अमेरिकेतल्या शिष्टाचाराच्या सुप्रसिद्ध लेखिका एमिली पोस्ट यांनी १९२२ मध्येच, म्हणजे लायनरांच्या भर बहरात, बोटीवरच्या जेवणाला नृत्यसमारंभाचा भरजरी झगा घालून येणे हे अभिरुचीला सोडून आहे असे बजावले होते.

भारतीय प्रवाशासाठी सर्वांत महत्त्वाची ओळ नियमांच्या यादीत शेवटी कुठेतरी असते आणि म्हणूनच ती नजरेतून सुटते. क्युनार्डसारखी काटेकोर कंपनीसुद्धा डिनर जॅकेटच्या बरोबरीने ‘औपचारिक राष्ट्रीय पोशाख’ मान्य करते. स्कॉटिश प्रवासी आपल्या किल्टमध्ये येतात तसे भारतीय प्रवासी बंदगळा किंवा शेरवानी घालून, किंवा रेशमी साडी नेसून येऊ शकतात. ही कोणी केलेली मेहेरबानी नाही. औपचारिक पोशाख म्हणजे त्या त्या समाजाने मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला पोशाख, ही व्याख्या धरली तर पैठणी डिनर जॅकेटच्या कितीतरी आधीपासून औपचारिक आहे. भारतीय नौदलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या भोजनगृहांत कुर्ता-पायजम्यावर बिनबाह्यांचे जाकीट आणि बूट किंवा सँडल घालून येण्यास परवानगी दिली, तीही याच समजुतीतून. समुद्रावरच्या जेवणाचे शिष्टाचार ज्या संस्थेने सर्वांत कडकपणे सांभाळले, तिने हे पाऊल उचलले ही समाधानाची गोष्ट आहे. आयुष्यात एकदा घालण्यासाठी भाड्याने आणलेल्या टक्सीडोत अवघडून बसण्यापेक्षा, मुलाच्या लग्नात शिवलेला बंदगळा घालून ताठ बसणे केव्हाही चांगले. त्यातही गडद, एकरंगी बंदगळा सर्वत्र शोभतो. कुर्त्याला मात्र वर जाकीट हवे, नुसता सुती कुर्ता स्मार्ट कॅज्युअलच्या रात्रीसाठी ठेवावा.

पैठणी बोटीवर न्यायची तर काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. समुद्रावरची हवा दमट आणि खारी असते आणि चांदीची जर अशा हवेत काळवंडते, म्हणून साडी प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या मऊ मलमलीत गुंडाळावी, घडीच्या आत जर येईल अशी दुमडावी, आणि ती नेसून उघड्या डेकवर फार वेळ वाऱ्यात उभे राहू नये. इस्त्रीची मोठी अडचण असते. भर समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचेच नसल्यामुळे बहुतेक बोटींवर केबिनमध्ये इस्त्री वापरायला बंदी आहे. सामानात सापडल्यास ती काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. काही बोटींवर प्रवाशांसाठी इस्त्रीची वेगळी खोली असते, नसेल तर पैसे भरून धोब्याकडे द्यावे लागते. शर्टाच्या सुरकुत्या न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत टांगून काही प्रमाणात जातात, परंतु हा उपाय रेशमी जरीवर करू नये.

बोट हलते, हेही पोशाख ठरवताना लक्षात घ्यावे. आजच्या बोटींना दोन्ही बाजूंना पंखांसारखी यंत्रे असतात, ती डोलणे बरेच आवरतात, तरीही पावसाळी किंवा वादळी हवेत जिना उतरताना टोकदार उंच टाचेचा भरवसा नसतो. रुंद टाचेची, तळाला पकड असलेली चप्पल बरी. साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसावी, कारण डेककडे जाणाऱ्या दारांना पाणी आत येऊ नये म्हणून उंच उंबरे असतात आणि निऱ्यांचा घोळ तिथे अडकतो. नऊवारीत पाय मोकळे राहतात, त्यामुळे ती या बाबतीत अधिक सोयीची आहे. भोजनदालने मात्र फार थंड ठेवलेली असतात. उष्ण कटिबंधातली सफर असली तरी तिथे दीड-दोन तास बसायचे असते, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींसाठी शाल हाताशी हवीच.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या सफरींवर एवढ्या तयारीची गरज नाही. कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ २०२१ पासून या मार्गावर जाते आणि तिच्यावरचे वातावरण हे सुट्टीवर आलेल्या भारतीय कुटुंबांचे असते. स्मार्ट कॅज्युअल आणि एखादा समारंभी पोशाख एवढ्यावर दोन-तीन रात्री सहज निघतात. याच किनाऱ्यावरून एके काळी कोकणच्या आगबोटी जात. त्यांच्या डेकवर सतरंजी पसरून भाकरी-चटणीची शिदोरी सोडणाऱ्या चाकरमान्याला जेवणासाठी कपडे बदलण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्या शिदोरीत शेजारच्या अनोळखी माणसाचा वाटा सहज निघत असे.

सफरीच्या शेवटच्या रात्री आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मोठ्या सुटकेस त्या रात्रीच केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या उचलून नेल्या जातात आणि सकाळी थेट बंदरावर मिळतात. म्हणून रात्रीचे कपडे, सकाळी उतरताना घालायचे कपडे आणि मलमलीतली पैठणी हातातल्या बॅगेत ठेवावी लागते. ‘क्लाइड’वरच्या त्या तरुणाने उतरण्याच्या दिवसासाठी पांढरा फ्लॅनेलचा सूट जपून ठेवला होता. सप्टेंबरच्या अखेरीस तो घालून तो इंग्लंडच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच होता. आणि इतरांचे पाहून त्याने आपले सगळे सामान किल्ल्यांसह आडत्यांच्या हवाली केले होते. दुसरा दिवस रविवार होता, त्यामुळे कपडे बदलायला त्याला सोमवारपर्यंत थांबावे लागले.